मँचेस्टरची फी आणि तुझा पहिला पगार

चि. बाळास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पहिल्या पगारातून एवढा टॅक्स कापला म्हणून त्या दिवशी फोनवर तू हिरमुसलीस. ते मनातून जात नव्हतं, म्हणून चार दिवस कागद काढून बसले. तुझ्या हक्काची एक गोष्ट राहून गेली आहे आणि ती माझ्यामुळे राहिली.

मँचेस्टरला भरलेल्या फीवर तुला इथे कॅनडात ट्यूशन टॅक्स क्रेडिट, म्हणजे भरलेल्या फीच्या प्रमाणात टॅक्समध्ये सूट, मिळतं. परदेशी विद्यापीठाची फी चालत नाही, असं आम्हाला रिटर्न भरून देणाऱ्या एका गृहस्थांनी सांगितलं होतं. मी पुन्हा कुणाला विचारलं नाही. तुला कमाई नाही तर रिटर्न कशाला, असं म्हणून तेही भरलं नाही. खरं तर कमाई नसतानाच भरायला हवं होतं, कारण शेड्यूल ११ वर, म्हणजे रिटर्नमधल्या फीच्या तक्त्यात, फी नोंदवली की न वापरलेली रक्कम पुढच्या वर्षांसाठी तुझ्या नावावर शिल्लक राहते. पण अजून वेळ गेलेली नाही. मागच्या वर्षांची रिटर्न आताही भरता येतात, आणि टॅक्स देणं निघत नसेल तर उशिराचा दंड बसत नाही.

त्यासाठी टीएल११ए हा फॉर्म लागेल. तो विद्यापीठानं भरून, सही करून द्यायचा असतो. पूर्णवेळ शिक्षण, पदवी किंवा त्यावरचा अभ्यासक्रम आणि सलग किमान तीन आठवडे, या अटींत तू सहज बसतेस. फक्त एक लक्षात ठेव, इथे हिशेब जानेवारी ते डिसेंबर असा चालतो. तुझी पदवी तीन वर्षांची, पण ती सप्टेंबर २०२२ ते जून २०२५, म्हणजे टॅक्सची चार वर्षं झाली. प्रत्येक वर्षाचा फॉर्म वेगळा माग.

फीत प्रयोगशाळा, ग्रंथालय आणि परीक्षेचं शुल्क धरता येतं. हॉस्टेलचं भाडं, पुस्तकं, विमानाचं तिकीट यातलं काही नाही. पौंडांचे डॉलर बँक ऑफ कॅनडाच्या दरानं कर.

तू शिकायला गेलीस तरी घर, बँक खातं, सगळं इथेच होतं, म्हणून टॅक्सपुरती तू इथलीच रहिवासी. त्यामुळे तिथल्या कॅफेतली कमाईही रिटर्नमध्ये दाखवायची. ती करमुक्त मर्यादेच्या खूपच खाली होती, शिल्लक फीला धक्का लागणार नाही. तरी दाखव. तिथले पी६०, म्हणजे वर्षाचा पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारे मालकाचे दाखले, जपून ठेवलेस ना?

आता पैशांचं. ओंटारिओनं आपलं प्रांतिक क्रेडिट २०१७ च्या सप्टेंबरपासूनच्या शिक्षणासाठी बंद केलं, त्यामुळे राहिलं ते फेडरल, म्हणजे केंद्र सरकारचं. २०२६ पासून त्याचा दर १४ टक्के आहे, म्हणजे १०,००० डॉलर फीमागे १,४०० डॉलर टॅक्स कमी. रोख हातात मिळत नाही, देणं लागणाऱ्या टॅक्समधूनच वजा होतं. पुढे पगार वाढेल तेव्हा वापरू, असंही चालत नाही. टॅक्स लागला की पहिल्या वर्षापासूनच ते वापरावं लागतं.

फी आम्ही भरली, मग क्रेडिट तुझं कसं, असं तू विचारशील. कुणीही भरली तरी ते शिकणाऱ्याचंच असतं. त्या-त्या वर्षाच्या फीपैकी ५,००० डॉलरपर्यंत आई किंवा वडिलांच्या नावे करता येतात. पण बाबांना ते नकोत आणि मलाही नकोत. तुझ्या डोक्यावर घरभाडं आहे, ओटावाची थंडी आहे. ही सगळी रक्कम तुझीच राहू दे. याबाबत पुन्हा वाद घालू नकोस.

रजिस्ट्रारच्या ऑफिसला याच आठवड्यात ईमेल कर. फॉर्म आले की रिटर्नला जोडायचे नाहीत, सीआरएनं, म्हणजे इथल्या टॅक्स खात्यानं, मागितले तर दाखवायचे. मी सगळ्या पावत्या वर्षवार लावून ठेवल्या आहेत. फक्त २०२३ च्या जानेवारीच्या हप्त्याची पावती सापडत नाही. तुझ्या जुन्या मेलमध्ये बघशील?

तुझी,
आई