कॅलेंडरचे फोटो पाठवण्याआधी हे वाचा

मंडळी, हरिश्चंद्रगडाचे फोटो येतायत, मस्त आहेत, पण निम्मे धुक्यामुळे नुसते पांढुरके दिसतायत. त्यासाठी फोटोशॉप विकत घ्यायची गरज नाही, ब्राउझरमध्ये फोटोपी (फोटो एडिट करायची वेबसाइट, photopea.com) उघडा, फुकट आहे आणि फोटो कुठे अपलोड होत नाही, आपल्याच मशीनवर काम चालतं. इमेज मेनूत अ‍ॅडजस्टमेंट्स, त्यात लेव्हल्स. तिथे डोंगरासारखा आलेख दिसेल, धुक्याच्या फोटोत तो मधेच गोळा झालेला असतो, तर डावीकडचा काळा त्रिकोण आलेख जिथे सुरू होतो तिथपर्यंत सरकवा, उजवीकडचा पांढरा तसाच आत आणा, बास, कोकणकडा लगेच उठून दिसतो. पार आत मात्र नेऊ नका, थोडं धुकं राहू दे की, पावसाळाच आहे तो! सॅच्युरेशन (रंगांचा गडदपणा) १०-१५ च्या वर नको, गवत भडक पोपटी होतं. सेपियावाले (जुन्या फोटोंसारखे तपकिरी केलेले) परत पाठवणार, सॉरी. मूळ फाइल ठेवा, एडिट केलेली वेगळ्या नावाने जेपीजीमध्ये एक्सपोर्ट करा. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणूनच टाका, नाहीतर साइज कमी होते नि प्रिंटला फोटो अस्पष्ट येतो. रविवार रात्रीपर्यंत हवेत.