बाळ्याच्या दाखल्याबद्दल

हर्णै, ११ मे

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

परवा ताईच्या जर्मनीतल्या घरून फोनवर, बाबा, तुम्ही तिच्या बाळ्याबद्दल म्हणालात, "नापास नाही झाला, पण झाल्यातच जमा." मागे ताई रडत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून लिहितोय.

काल ताईकडून सगळं नीट समजून घेतलं. ताईच्या त्या बव्हेरिया राज्यात चौथीतच पोरांच्या वाटा वेगळ्या होतात. जर्मन, गणित आणि आपल्या परिसर अभ्यासासारखा एक विषय, एवढे तीनच धरतात. १ म्हणजे उत्तम, ६ म्हणजे सगळ्यात वाईट. सरासरी २.३३ पर्यंत असेल तर गिमनाझियम, तिथून आबिटूर, म्हणजे आपल्या बारावीसारखी परीक्षा, आणि विद्यापीठ. २.६६ पर्यंत रेआलशूल. त्यापुढे मिटेलशूल. बाळ्याला ३, ३ आणि २. बेरीज आठ, म्हणजे २.६६, रेआलशूल. सात झाली असती तर आज घरात पेढे वाटले असते. बाबा, तुम्ही उभा जन्म पेपर तपासलेत. दहा वर्षांच्या पोराच्या एका गुणाला एवढं वजन असतं का, तुम्हीच सांगा.

आणि हाच पोरगा बर्लिनमध्ये असता तर सहावीपर्यंत सगळ्यांबरोबर एकाच वर्गात बसला असता. नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात शाळा फक्त शिफारस करते, शेवटचा शब्द आईबापांचा. देश एक, पण राज्य बदललं की पोराची वाट बदलते. जर्मनमध्ये त्याला ३ मिळाले, कारण घरात तो आईशी मराठीत भांडतो. २००० सालच्या पिसा या शाळकरी मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत जर्मनीला हेच कळलं होतं, की तिथे पोराचा निकाल घरच्या परिस्थितीला फार घट्ट बांधलेला आहे. तेव्हा तिकडे मोठी खळबळ माजली. तरी चौथीची चाळणी बहुतेक ठिकाणी तशीच आहे.

आता माझं सांगतो. आजवर कधी बोललो नाही.

दहावीनंतर ताई सायन्सला गेली आणि मला तुम्ही आयटीआयला घातलंत, डिझेल मेकॅनिकला. त्याचा मला राग नाही. मार्कच तेवढे होते, आणि पहिल्यांदा इंजिन उघडलं तेव्हाच मला ते काम आवडलं. लागलं ते वेगळंच. ओटीवर पाहुणे आले की ताईचं तुम्ही मोठ्याने सांगायचात, आणि माझ्यावर आलं की आवाज खाली यायचा. "हा आपला आयटीआय करतोय." तो 'आपला' मला अजून ऐकू येतो. आई, तू तेव्हा चहा आणायला आत जायचीस.

काल संध्याकाळी बंदरात एका बोटीचं इंजिन धूर ओकत होतं. डिझेल फवारणारी चारही नोझल काढून एकेक तपासलं. तिसऱ्याची फवारणी धड होत नव्हती, टोकावर काजळी धरून थेंब गळत होता. ते बदललं आणि आवाज असा साफ झाला की तांडेल माझ्या खांद्यावर हात ठेवून नुसता उभा राहिला. बाबा, तुम्ही तेव्हा तिथे असायला हवे होतात, असं मला फार वाटलं.

तर माझं एवढंच मागणं आहे. गिमनाझियमसाठीच्या तीन दिवसांच्या चाचणी-वर्गाला बसवायचं की नाही, ते बाळ्याला विचारा. त्याला हवं असेल तर बसू दे. पण सकाळ-संध्याकाळ त्याला पाढ्यांना जुंपू नका. रेआलशूल दहावीला संपते आणि तिथून फाखओबरशूल नावाच्या वरच्या शाळेमार्गे पुढे शिकता येतं. नाहीतर आउसबिल्डुंग: आठवड्यातले थोडे दिवस शाळा, बाकीचे कारखान्यात, पगारासकट. पुढे मायस्टर, म्हणजे आपल्या कामातला उस्ताद, झाला तर तिकडे ती पात्रता पदवीच्या बरोबरीची धरतात. दारं बंद झालेली नाहीत. फक्त ताईच्या शेजारणीने विचारलं की तो कुठल्या शाळेत जाणार, तर त्याच्यादेखत, नेहमीच्या आवाजात सांगा.

इकडे हापूस संपत आला. अढीतली शेवटची पेटी तुमच्या नावाने ठेवली होती, पण तुम्ही येईपर्यंत टिकायची नाही, म्हणून आटवून बाटल्या भरल्या. १ जूनला मासेमारी बंद होईल आणि बोटी वर ओढल्या की माझं खरं काम सुरू. बाळ्याला म्हणावं, पुढच्या उन्हाळ्यात ये, मामा तुला इंजिन उघडून दाखवील. आईने गुडघ्याचं तेल संपवलं असेल तर कळवा.

तुमचा,
धाकटा