आई-बाबा, यंदा सुट्टीत उशिरा येईन

प्रिय आई, बाबा,

हे फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर आई "बरं बरं, तू तुझी काळजी घे" म्हणून विषय संपवते आणि बाबा दोन वाक्यं बोलून फोन आईकडे देतात, मग मला जे बोलायचं असतं ते राहूनच जातं. म्हणून लिहितेय. आई, तू मोठ्याने वाच. बाबांच्या हातात देऊ नकोस, ते भिंग लावून वाचतील आणि वर मलाच ऐकवतील की दिसतंय की मला सगळं.

आधी मुद्द्याचं. आमच्या शाळेतल्या आयबी डिप्लोमा प्रोग्रामच्या (आयबी म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट हे परदेशी बोर्ड, डिप्लोमा म्हणजे त्याची अकरावी-बारावी) कोऑर्डिनेटर वर्षाच्या मध्येच सोडून गेल्या आणि ते काम मी घेतलंय. घेऊ का असं विचारत नाहीये, हो म्हणून झालंय, सहीसुद्धा झालीये. त्यामुळे दरवर्षी सुट्टी लागली की दुसऱ्या दिवशी बॅग घेऊन निघणारी मी यंदा जुलैच्या मध्यापर्यंत येऊ शकणार नाही. मे सेशनचे, म्हणजे मेमधल्या शेवटच्या परीक्षेचे, निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतात, बाकीचे शिक्षक तेव्हा सुट्टीवर असतात पण कोऑर्डिनेटरला जागेवर राहावं लागतं.

आई, आता तुझा चेहरा कसा झाला असेल ते दिसतंय मला. थांब, पूर्ण वाच.

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन तुम्ही "ती आली की करू" म्हणून सुट्टीपर्यंत ढकललंय हे मला कळलंय. दादाने सांगितलं. (त्याला बोलू नका, मीच खोदून खोदून विचारलं.) डॉक्टर म्हणतायत करून घ्या, आणि तुम्ही माझ्या शाळेच्या सुट्ट्या बघून डोळ्याची तारीख ठरवताय. मी उशिरा येणार म्हटल्यावर आता ऑपरेशन अजून पुढे जाणार, हे मी ओळखून आहे. तसं करायचं नाही. तेवढ्यासाठीच खरं तर हे पत्र आहे.

नाही म्हणता आलं असतं का? आलं असतं. दोन रात्री झोप नव्हती मला. पण या मुलांचं शेवटचं वर्ष चालू आहे आणि बाहेरून कोणी नवीन माणूस आणला असता तर त्याला आमची सिस्टीम समजेपर्यंत एप्रिल आला असता. शिवाय माझे तास कमी केलेत, एकच वर्ग ठेवलाय, म्हणजे वह्या-पेपरांचं ओझं कमी. पगारातही थोडा फरक पडतो, पण त्यासाठी घेतलं नाही हे तुम्हाला माहितीये. बाबा, तुम्हीसुद्धा हेडमास्तरकी घेतली तेव्हा आईला संध्याकाळी येऊनच सांगितलं होतं ना, आधी कुठे विचारलं होतं? तेव्हा आई तीन दिवस काय बोलली होती ते मी इथे लिहीत नाही.

काम काय असतं म्हणाल तर निम्मं काम म्हणजे दर शुक्रवारी सगळ्या शिक्षकांना एक अपडेट लिहिणं. ऐकायला सोपं वाटतं. बाबा, तुमच्या शाळेतली सूचनावही आठवा, शिपाईकाका ती वर्गावर्गात घेऊन फिरायचे, शिक्षक शिकवता शिकवता खडूच्या हाताने सही करायचे आणि एकदा सही केली की "मला माहीत नव्हतं" म्हणायची सोय संपली. ईमेलला ती सोय कायम असते. लोक जिना चढताना मोबाईलवर पहिली ओळ बघतात आणि पुढचं "नंतर वाचू" मध्ये जातं. गेल्या वर्षी एका अपडेटमध्ये अकरा मुद्दे होते, त्यात पार्किंग होतं, फोटो डे होता, आणि नवव्या नंबरला इंटर्नल असेसमेंटचे, म्हणजे शाळेतच तपासायच्या कामाचे, मार्क भरायची तारीख. आमचे एक सर, एकदम चोख माणूस, त्यांनी ते वाचलंच नाही, आणि मग शेवटच्या रात्री शाळेत बसून अपलोड करत होते. मी आता एका अपडेटमध्ये वर एकच गोष्ट ठेवते, कोणी करायचं त्याचं नाव घालते आणि तारीख आयबीची नाही, आमची, जी बरीच आधीची असते. पार्किंगचं खाली, वाचलं तर वाचलं. तुम्ही म्हणायचात ना, सूचना तीन ओळींत मावली नाही तर ती सूचना नाही, कीर्तन आहे. हे मी स्टाफरूममध्ये तुमच्या नावानिशी सांगितलंय.

आणि ती तारीख चुकली की काय होतं ते सांगते, म्हणजे मी एप्रिलमध्ये फोनवर का चिडचिड करते ते कळेल. सायन्सचा प्रोजेक्ट, मॅथ्सचं एक्स्प्लोरेशन, भाषेची ओरल, हे शिक्षक स्वतः तपासतात. मे सेशनसाठी 20 एप्रिलपर्यंत सगळं सिस्टीममध्ये जावं लागतं, आणि त्या आधी 15 मार्चला एक्स्टेंडेड एसे (मुलाने स्वतः संशोधन करून लिहिलेला मोठा निबंध) आणि टीओकेचा, म्हणजे थिअरी ऑफ नॉलेज या विषयाचा, निबंध. शिक्षकाने मार्क भरले की आयबीची सिस्टीम त्यातली काही मुलं निवडते, फक्त त्यांचं काम बाहेरचा परीक्षक बघतो. आता समजा शिक्षकाने माया करून सगळ्यांना दोन-दोन मार्क जास्त दिलेत, तर परीक्षक सॅम्पलवरून ते ओळखतो आणि मार्क नुसते त्या मुलांचे नाही, आख्ख्या वर्गाचे खाली येतात. ज्याचा पेपर त्याने बघितलाही नाही त्याचेसुद्धा. बाबा, तुम्हाला हे पटेल, तुम्ही कधी अर्धा मार्क वाढवला नाहीत, शेजारच्या काकांच्या बंड्याला पण नाही. पण शिक्षकांना हे अपडेटमध्ये कसं लिहायचं? "कृपया उदारपणे मार्क देऊ नका" लिहिलं तर अपमान, नाही लिहिलं तर मुलांचं नुकसान. शेवटी मी लिहिलं की प्रत्येक विषयात दोन जणांनी तेच काम वेगवेगळं तपासून मग एकत्र बसायचं, आणि बसायची वेळ टाइमटेबलमध्येच घालून दिली. त्यावर कोणी रागावलं नाही. थोडे कुरकुरले.

बाकी बदल तर चालूच असतात. एक्स्टेंडेड एसेचं गाइड बदललं, 2027 च्या मुलांपासून तीन वेगवेगळ्या रिफ्लेक्शनऐवजी (आपल्याच कामाबद्दल मागे वळून लिहायचं ते) शेवटी एकच 500 शब्दांचं, एसेची मर्यादा तीच 4000 शब्दांची, परीक्षक त्याच्यापुढे वाचतच नाही. मुलांनी एआय वापरलं तर ते लपवायचं नाही, उल्लेख करायचा. जुनी आणि नवी दोन्ही बॅच एकाच शाळेत, नियम दोन, आणि एसेला किंवा टीओकेला ई, म्हणजे सगळ्यात खालची ग्रेड, आली तर बाकी सगळीकडे सातपैकी सात मिळून पण डिप्लोमा जातो, म्हणून मी तेच तेच लिहीत राहते. असो. तुम्हाला जास्त सांगत नाही, आई पेंगायला लागली असेल.

जुलैत मग लॅपटॉप घेऊन तिकडूनच का करत नाही हे बाबा विचारणार. विचार केला होता मी. पण निकाल लागल्यावर मुलं शाळेत येतात. 45 पैकी 38 हवे होते आणि 37 आले, कॉलेजची जागा त्या एका मार्कावर अडकलेली असते. मग पेपर परत तपासायला द्यायचा का, तर त्यात मार्क वाढू शकतात तसे कमीही होऊ शकतात, म्हणून मुलाची संमती लागते, आणि सतरा-अठरा वर्षांचं पोर तुमच्यासमोर बसून विचारतं की मिस, तुम्ही काय केलं असतं. हे स्क्रीनवरून नाही होत.

बाबा, परवा सगळ्यांचे मार्क टॅली करत बसले होते तेव्हा सहामाहीच्या पेपरांचे गठ्ठे आठवले. तुम्ही लाल पेनाने तपासायचात आणि मला पेन्सिल देऊन बेरजा बघायला बसवायचात, मी एकेक पेपर उलटून जोरजोरात मोजायचे आणि एखाद्यात चूक सापडली की मला केवढं मोठं झाल्यासारखं वाटायचं. आई रात्री येऊन मला उचलून न्यायची, गालावर पेन्सिलीचा काळा डाग तसाच. त्या चुका तुम्ही मुद्दाम ठेवायचात हे मला आईने कितीतरी वर्षांनी सांगितलं. अजून पण राग येतो आणि अजून पण छान वाटतं.

तर आता तुमच्या अपडेटबद्दल. तुमचा रविवारचा फोन म्हणजे "सगळं ठीक, तू कशी आहेस, काही नवीन नाही", आणि फोन ठेवता ठेवता आई म्हणणार "हां, परवा जरा पाय घसरला होता, पण काही नाही". हाच तो नववा मुद्दा! आई, यापुढे आधी ते सांगायचं. गुडघा, बीपी, पडणं-झडणं आधी, हवापाणी नंतर. मला काळजी वाटेल म्हणून लपवू नका, लपवलेलं कळलं की दुप्पट काळजी वाटते, आत्याच्या वेळी आपण सगळ्यांनीच ते बघितलंय.

ऑपरेशन फेब्रुवारीतच करायचं. दादा त्यानंतरचे दोन आठवडे घरूनच काम करणार आहे, मी त्याच्याशी बोललेय, वहिनीशी पण, ती म्हणाली तुम्ही विचारत का नाही हेच तिला कळत नाही. उपकार वगैरे डोक्यात आणू नका. डोळ्यात टाकायच्या थेंबांचा तक्ता मी मोठ्या अक्षरांत करून पाठवते, दादा प्रिंट काढून फ्रिजवर लावेल, थेंब टाकले की आईने खूण करायची. डोळा चोळायचा नाही, डॉक्टर सांगेपर्यंत डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, वाकून जड काही उचलायचं नाही. बाबा, कुंड्या जड या सदरात येतात. पेपर वाचता येणार नाही तेवढे दिवस, तर बातम्या ऐकायचं ॲप मी दादाकडून फोनमध्ये घालून घेतलंय, बटण कुठलं ते तो दाखवेल, दाखवल्यावर "मला येतं" म्हणू नका. आणि आई, तू रात्रभर जागून बाबांकडे बघत बसायचं नाही. तुझ्या गोळ्या तुझ्या वेळेला. स्टुलावर चढायचं नाही, माळ्यावरचं काहीही लागलं तरी नाही, दादा आहे.

मे महिन्यात परीक्षा चालू असताना मी दिवसा फोन उचलणार नाही, फोन हॉलमध्ये नेताच येत नाही. आणि पेपर झाला की 24 तास त्यातल्या प्रश्नांबद्दल कुठे बोलायचं नाही असा नियम आहे, कारण जगभर वेगवेगळ्या वेळेला तोच पेपर असू शकतो, म्हणून बाबा, "आज काय आलं होतं?" विचारू नका, मी सांगणार नाही आणि मग तुम्ही रुसणार. संध्याकाळी मी स्वतः करते. अगदी तातडीचं असेल तर शाळेच्या ऑफिसचा नंबर आईच्या डायरीत शेवटच्या पानावर आहे, तिथे सांगितलं की मला निरोप मिळतो.

माझी काळजी करू नका. झोप होते, जेवण वेळेवर होतं, खोटं बोलत नाहीये. जुलैत उशिरा आले तरी सुट्टी संपेपर्यंत राहीन, तोपर्यंत बाबांना चष्म्याचा नवा नंबर पण मिळालेला असेल. आई, उशिरा येणं म्हणजे कमी राहणं नव्हे, दोनच आठवडे पुढे सरकलंय, मी मोजलंय.

तारीख पक्की झाली की आईने कळवायचं. बाबांनी नाही, बाबा "बघू" म्हणतात.

तुमची,
मनू

ता.क. निळी फाईल आजच कपाटातून काढून बाहेरच्या टेबलावर ठेवा. बाबांचे शुगरचे रिपोर्ट त्यात नसतील तर ते आईच्या पासबुकांच्या पिशवीत आहेत, मागच्या वेळी मीच तिथे ठेवले होते.