डायन्थस : पाणी कमी, पण ऊनही कमीच

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत हिवाळी फुलझाडांवर आलेल्या लेखात डायन्थसला ‘कमी पाण्यावर येणारे झाड’ म्हटले आहे. ते खरे आहे. मात्र त्यावरून ते आपल्या खान्देशातल्या उन्हातही निभावेल, असा अर्थ कोणी काढला, तर पारा पंचेचाळीसकडे सरकू लागला की कुंडीत वाळलेल्या काड्या तेवढ्या उरतील.

या फुलाच्या सुवासिक जाती, ज्यांना इंग्लंडात ‘पिंक’ म्हणतात, त्या मूळच्या युरोपातील डोंगराळ, चुनखडीच्या खडकाळ जागांतल्या. अरुंद पानांवरचा निळसर-करडा मेणचट थर आतला ओलावा टिकवतो, आणि मुळांशी पाणी कधी साचत नाही. आपल्या काळ्या जमिनीतला चुना या झाडाला चालतो. चालत नाही तो तिचा चिबडपणा. माझी पहिली रोपे परतीच्या पावसात बुंध्याशी कुजून गेली. तेव्हापासून मी पोयटा आणि जाड वाळू निम्मी-निम्मी घेतो, शेणखत मूठभरच घालतो आणि वरची बोटभर माती सुकल्याशिवाय पाणी देत नाही. दादर (रब्बी ज्वारी) पेरण्याच्या सुमारास रोपे लावली की थंडीचे महिने त्यांना पुरेपूर मिळतात.

दुसरा मुद्दा वासाचा. रोपवाटिकांत ‘डायन्थस’ म्हणून मिळते ते बहुधा चिनी डायन्थस असते; रंगांनी देखणे, पण वासाला जवळजवळ कोरे. लवंगेसारखा वास हवा असेल, तर डायन्थस प्लुमेरियस किंवा त्याचे संकर मागावे लागतात. हे साम्य उगाच नाही, कारण लवंगेतले युजेनॉल या फुलांच्या वासातही असते. आपण गुलाबावरून ‘गुलाबी’ म्हणतो, तसे इंग्रजांनी त्या रंगाला याच फुलाचे नाव दिले. अठराव्या शतकाच्या अखेरीस स्कॉटलंडमधील पेस्ली गावच्या विणकरांनी पाकळ्यांना गडद किनार असलेल्या पिंकच्या कितीतरी जाती जोपासल्या. पैठणी-पातळांच्या काठांत रमणाऱ्या आपल्या वाचकांना त्या किनारीचे अप्रूप सांगायला नको.

बियांपासून वाढवलेली प्लुमेरियसची झाडे पहिल्याच वर्षी फुलतील असे नाही, शिवाय संकरित जातींचे गुण बियांतून तसेच्या तसे उतरत नाहीत. म्हणून फेब्रुवारीत मी न फुललेले शेंडे पेराशी अलगद ओढून काढतो आणि वाळूत रुजवतो. ही रोपे मे महिन्यात पूर्वेच्या ओट्यावर, दुपारचे ऊन लागणार नाही अशा जागी ठेवली, तर निम्मी तरी पावसाळा पाहतात.

आपल्या पुढच्या लेखात नुसते ‘डायन्थस’ न छापता जातीचे पूर्ण नाव द्यावे, ही विनंती.

आपला,
एक वाचक, अमळनेर (जि. जळगाव)