‘व्हय म्हाराजा’ म्हणजे होकार नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मेंदूविषयीच्या जुन्या कल्पनांवर लेख आला होता. लेख रंजक आहे, चित्रंही चांगली आहेत. पण त्यातल्या दोन गोष्टी खटकल्या, आणि दुसरी, वाचा गेली की माणसाचा विचारही गेला ही, तर थेट माझ्या घरात शिरते, म्हणून हे पत्र. मी देवगड तालुक्यातला आंबा बागायतदार; संध्याकाळी भजनात पखवाज वाजवतो. डॉक्टर नाही. थोरल्या भावाच्या, दादाच्या, आजारपणापासून या विषयावर मिळेल ते वाचत आलो, एवढाच माझा अधिकार.

आधी लहान गोष्ट. लेखकाने इजिप्तच्या लोकांची यथेच्छ टिंगल केली आहे. ममी करताना ते हृदय जपून ठेवत आणि मेंदू मात्र नाकातून आकडी घालून बाहेर काढत, हे खरं. पण त्याच इजिप्तमधला एक पपायरस, म्हणजे लव्हाळ्याच्या कागदावरची पोथी, १८६२ मध्ये लक्सरला एडविन स्मिथ नावाच्या माणसाने विकत घेतला, आणि १९३० मध्ये त्याचं भाषांतर छापून आलं. मजकूर इसवी सनापूर्वी सुमारे १६०० चा, तोही आणखी जुन्या पोथीची नक्कल. त्यात ४८ प्रकरणं आहेत, बहुतेक जखमांची, डोक्यापासून सुरू होऊन खाली उतरणारी. कानशिलाचं हाड फुटलेल्या एकाबद्दल वैद्य लिहितो की हा माणूस बोलत नाही. कवटी फुटलेला दुसरा एक जण पाय घासत चालतो, हेही टिपलं आहे. मंत्रतंत्र जवळजवळ नाहीच. जखम डोक्याला आणि बिघाड बोलण्यात, चालण्यात, हे ज्याने लिहून ठेवलं त्याला अडाणी कसं म्हणायचं? अंत्यविधी करणारे वेगळे आणि जखमा बांधणारे वेगळे, हे आजही आहेच की.

त्याच लेखात पुढे आपल्या पूर्वजांना मात्र सगळं आधीच ठाऊक होतं, असाही एक सूर आहे. तोही नको. चरकसंहिता चेतनेचं स्थान हृदयात सांगते, आणि तीच संहिता शिराला ‘उत्तमांग’ म्हणते, कारण प्राण आणि सगळी इंद्रियं तिथे आश्रयाला आहेत. भेलसंहिता या आयुर्वेदाच्याच दुसऱ्या जुन्या ग्रंथात मन शिर आणि टाळू यांच्या मध्ये ठेवलं आहे. म्हणजे आपल्याकडेही एकमत नव्हतं, जसं ग्रीकांकडे नव्हतं. ॲरिस्टॉटल हृदयाच्या बाजूचा; मेंदू रक्त थंड करतो असं त्याचं म्हणणं. त्याच्या आधीच, इसवी सनापूर्वी ४०० च्या आसपास, हिप्पोक्रेटिसच्या परंपरेतल्या एका ग्रंथाने ठणकावून सांगितलं होतं की फेफरं हा इतर रोगांपेक्षा काही जास्त दैवी नाही, त्याचं मूळ मेंदूत आहे. आमच्या वाडीत फेफरं आलेल्या पोरासाठी अजून देवाला कौल लावतात. लावू देत, फक्त गोळ्या चुकवू नयेत.

आता मुख्य गोष्ट. वाचा गेली की माणसाचा विचारही गेला, अशा अर्थाचं एक वाक्य लेखाच्या शेवटाला आहे. लेखकाने ते सहज लिहिलं असावं. पण आमच्या घरात त्या वाक्याने फार नुकसान केलं आहे. लेख यायच्या आधीच केलं आहे, कारण ते सगळ्यांच्याच डोक्यात असतं.

माझा थोरला भाऊ पंचक्रोशीतला भजनी बुवा. डबलबारीला, म्हणजे दोन बुवांच्या भजनी सामन्याला, बसला की समोरच्या बुवाला शब्दात पकडणार, गजर असा चढवणार की माझे हात भरून येत. ऐन पावसाळ्यात एका पहाटे त्याला झटका आला. उजवा हात, उजवा पाय लुळा पडला आणि वाचा बसली. गावातून सल्ले सुरू झाले. लकव्यावर पारव्याचं रक्त चोळा, हा एक. रत्नागिरीला नेऊन दाखवा, हा दुसरा. तिथे प्रादेशिक मनोरुग्णालय आहे आणि आमच्याकडे ‘रत्नागिरी’ म्हटल्यावर पुढचं कोणी सांगत नाही. वहिनीने कोणाचं ऐकलं नाही, गाडी करून त्याला थेट गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेलं. जीव वाचला. पण रक्ताची गाठ विरघळवणारं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यावं लागतं, तेही सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव नाही हे बघून. आमच्या घाटीपासून, पावसात, तो हिशेब जमला नाही.

घरी आल्यावर त्याच्या तोंडून पहिला शब्द फुटला तो ‘व्हय म्हाराजा’. देवापुढे गाऱ्हाणं घालताना दर वाक्यामागे सगळे म्हणतात तो, गाऱ्हाण्याला उभं राहून जन्मभर म्हटलेला. आणि स्वतःहून निघतं ते आजही एवढंच. चाय होयी? व्हय म्हाराजा. भूक नाय? व्हय म्हाराजा. खंय दुखता? व्हय म्हाराजा. सूर दर वेळी निराळा, आणि वहिनीला त्या सुरावरून कळतं. फार चिडला तर दोन अस्सल मालवणी शिव्या मात्र स्वच्छ येतात, त्या आपण छापणार नाही.

हे वाचून ज्यांना हसू येईल त्यांनी पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयातल्या लेबोर्नची हकीकत वाचावी. हा माणूस काहीही विचारलं तरी ‘तां, तां’ एवढंच म्हणे, म्हणून तिथे त्याचं नावच तां पडलं. पुढे उजवा हात गेला, मग उजवा पाय. बरोबरचे रुग्ण त्याला खुनशी समजत. एप्रिल १८६१ मध्ये पाय सडू लागला म्हणून त्याला शल्यचिकित्सक पॉल ब्रोकाकडे आणलं. ब्रोकाने विचारलं, इथे किती वर्षं आहेस? लेबोर्नने डाव्या हाताचा पंजा चार वेळा उघडला आणि वर एक बोट दाखवलं. एकवीस. बरोबर होतं. दुसऱ्या दिवशी तोच प्रश्न, तेच उत्तर. तिसऱ्यांदा विचारल्यावर हा आपली परीक्षा घेतोय हे त्याने ओळखलं, आणि देवाचं नाव घेऊन एक सणसणीत शिवी हासडली. १७ एप्रिलला तो वारला. मेंदू पाहिला तर बिघाड डाव्या बाजूला, पुढच्या भागात.

माझ्या मते त्या कहाणीतला मेंदू जितका महत्त्वाचा तितकीच ती बोटं. ब्रोकाआधी दोन टोकं होती. व्हिएन्नाचा डॉक्टर फ्रान्झ गाल म्हणे की कवटीवरच्या उंचवट्यांवरून माणसाचे गुण कळतात. शाळेत पाठांतरात पुढे असलेल्या मुलांचे डोळे बटबटीत होते, म्हणून शब्दांची स्मरणशक्ती डोळ्यांमागे. या शास्त्रावर लोकांनी पैसे कमावले. दुसरीकडे फ्रान्सचा संशोधक फ्लूरांस कबुतरं-कोंबड्यांच्या मेंदूचे भाग काढून बघत होता. त्याच्या मते वरचा मोठा मेंदू सगळा मिळून एकच काम करतो, त्यात वाटण्या नाहीत. (पारव्यांचं आणि मेंदूचं काय वैर आहे कोण जाणे.) गालचे उंचवटे खोटे ठरले, पण वेगळ्या कामाला वेगळी जागा असू शकते ही त्याची गोष्ट टिकली. ब्रोकाने दाखवलं ते हे की माणसाचं बोलणं जाऊ शकतं आणि हिशेब राहू शकतो. न्यूरोसायकॉलॉजी, म्हणजे मेंदूचा कुठला भाग बिघडला की मनाचं कुठलं काम अडतं याचा अभ्यास, इथून खऱ्या अर्थाने उभा राहिला.

मग ‘व्हय म्हाराजा’ आणि शिव्याच का उरतात? इंग्लंडच्या डॉक्टर ह्यूलिंग्ज जॅक्सनने त्याच शतकात यावर विचार केला. सवयीने, भावनेच्या भरात निघणारे शब्द वेगळे आणि नवीन काही सांगण्यासाठी जुळवलेलं वाक्य वेगळं. पहिलं शाबूत असताना दुसरं जाऊ शकतं. आम्ही हे रोज बघतो. गुरुवारच्या भजनाला दादाला खुर्ची देतो. अभंग लागला की तो शब्दांसकट गातो, कडव्यामागून कडवं. अभंग संपला की पुन्हा व्हय म्हाराजा. नवखा माणूस हे बघून म्हणतो, बघा, सोंग करतोय. सोंग नाही. पाठ असलेलं गाणं आणि स्वतःचं वाक्य यांच्या वाटा एक नाहीत. गाण्याच्या आधाराने बोलणं परत आणायची एक उपचारपद्धतीही आहे. पेटी मात्र त्याला एकट्याला वाजवता येत नाही. बहुतेक उजव्या माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या बाजूला असते आणि उजवं अंगही तीच बाजू चालवते, म्हणून दोन्ही एकदम गेलं. डावा हात चांगला आहे. दादा भाता मारतो, पुतण्या शेजारी बसून पट्ट्या दाबतो. ठेका एका मात्रेने चुकला तरी भाता थांबतो आणि माझ्याकडे जी नजर येते ती आजारी माणसाची नव्हे. हंगामात आंबा तोच निवडतो, चार डझनी, पाच डझनी, सहा डझनी, आणि डाव्या हाताने आंब्याच्या पेटीवर आकडा घालतो.

असा माणूस घरी एकटा असताना एक दलाल त्याला गाडीत घालून कार्यालयात घेऊन गेला. बाग कराराने द्यायची, रक्कम बाजारभावाच्या कितीतरी खाली. दादांना मान्य आहे ना? व्हय म्हाराजा. रक्कम कबूल? व्हय म्हाराजा. डाव्या हाताचा अंगठा घेतला. आम्ही पळत गेलो तेव्हा टेबलामागून उत्तर मिळालं ते असं: तुमचे भाऊ सर्वांसमक्ष हो म्हणाले आहेत, त्यांना कळत नाही असं म्हणणं असेल तर वेडसर असल्याचा दाखला आणा.

म्हणजे दोनच कप्पे. एक तर त्याचा होकार खरा, नाहीतर तो वेडा. लेबोर्नची बोटं मोजून दीडशेहून जास्त वर्षं झाली, तरी तिसरा कप्पा आमच्या तालुक्यापर्यंत पोचलेला नाही. वहिनीने त्या कर्मचाऱ्याला सांगितलं, आता उलटा प्रश्न विचारा. त्याने विचारलं, दादा, बाग द्यायची नाही ना? व्हय म्हाराजा. मग तिने कागदावर तीन रकमा लिहून समोर ठेवल्या. दादाने दलालाच्या रकमेवर डाव्या हाताने आडवी रेघ मारली, कागद फाटेस्तोवर. करार पुढे मोडला, ती कथा इथे नको.

एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. वाचाघात झालेल्या प्रत्येकाला सगळं कळतंच, असं नाही. १८७४ मध्ये वेर्निके या २६ वर्षांच्या जर्मन डॉक्टरने दुसरी तऱ्हा वर्णन केली: हे रुग्ण घडाघडा बोलतात, पण बोलणं जुळत नाही आणि समोरच्याचं नीट समजत नाही. गंमत अशी की कार्यालयात तेच शहाणे ठरतील, कारण बोलतात. काहींना दोन्ही थोडं थोडं असतं. म्हणून तपासायचं, कयास करायचा नाही. चित्रावर बोट ठेवायला सांगणं, आकृती उतरवून घेणं, आकडे निवडायला देणं, अशा चाचण्या असतात. बंगळूरच्या निम्हान्स या मनोविकार आणि मेंदूविकारांच्या संस्थेने तर आपल्याकडच्या लोकांसाठी चाचण्यांचा संच तयार केला आहे.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये वाचा व भाषा दिव्यांगत्वाच्या व्याख्येत अफेजियाचा, म्हणजे याच वाचाघाताचा, नावानिशी उल्लेख आहे. त्याच कायद्याच्या कलम १३ मध्ये अशा माणसाला मालमत्ता बाळगण्याचा आणि आपले आर्थिक व्यवहार पाहण्याचा इतरांइतकाच हक्क दिला आहे. तेव्हा ज्या टेबलावर अंगठे घेतले जातात तिथे वाचा गेलेल्या माणसाला तोच प्रश्न उलटाही विचारावा, आणि रक्कम लिहून निवडायला द्यावी. याला खर्च एका कागदाचा. दुसरं, वाचा उपचारतज्ज्ञ निदान आठवड्यातून एक दिवस तालुक्याच्या रुग्णालयात बसावा. आम्हाला त्यासाठी घाट चढावा लागतो किंवा गोव्याची हद्द ओलांडावी लागते, आणि पाय ओढत चालणाऱ्या माणसाला एसटीत चढवणं काय असतं ते चढवणाऱ्यालाच ठाऊक.

आणि आपल्याला विनंती: पुरवणीतल्या त्या वाक्याची दुरुस्ती पुढच्या रविवारी त्याच पानावर, ठळक छापावी. दादा रोज पेपर उघडून बसतो. मथळ्यांपलीकडचं त्याला किती वाचता येतं ते आम्हाला नक्की सांगता येत नाही, पण त्या रविवारी त्याने ते पान घडी घालून वहिनीसमोर ठेवलं होतं.

आपला,
एक वाचक, ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग
(घरच्या व्यवहाराचा उल्लेख असल्याने नाव छापू नये.)