मोआबच्या तळावर भेटलेल्या आजी-आजोबांचे आभार

अमेरिकेतील युटा राज्यात, मोआबजवळच्या तळावर आमच्या मोटरहोममधील शेगडीची ज्योत पिवळी पडून कढईचे बूड काजळीने माखले, तेव्हा आपला सकाळचा चहा बाजूला ठेवून धावून आलेल्या शेजारच्या गाडीतील आजी-आजोबांचे आम्ही अंतःकरणपूर्वक आभार मानतो. त्यांची नावे विचारायची राहून गेली, याची रुखरुख आहे.

आजोबांनी आधी गॅसच्या टाकीचा व्हॉल्व्ह बंद केला, बर्नर पूर्ण गार होऊ दिला आणि मग त्याच्या नळीत लांब दांड्याचा बारीक ब्रश हलकेच फिरवून कोळ्याचे पांढुरके जाळे बाहेर काढले. या जाळ्यामुळे हवा अडते आणि ज्योत पिवळी होते, हे त्यांनी फार आपुलकीने समजावले. सांध्यांना साबणाचे पाणी लावून एकही बुडबुडा येत नाही याची खात्री केल्यावरच त्यांनी शेगडी पेटवली. ज्योत स्वच्छ निळी होती! आजींनी किटलीतील क्षारांचा थर व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात उकळवून काढला. अमोनियावर चालणारा आमचा फ्रिज गाडी कललेली असल्यामुळे थंड होत नव्हता, तेही त्यांच्याच लक्षात आले.

पैसे घेण्यास दोघांनीही नकार दिला. त्या शेगडीवर केलेले पोहे मात्र आवडीने खाल्ले.