उद्यानाला कुंपण आहे, पण पाण्याचं काय?

मा. संपादक,

कालच्या पुरवणीतला राष्ट्रीय उद्यानांतल्या पाणथळींवरचा लेख वाचला. लेखकानं मेहनत घेतलीय हे दिसतं, त्याबद्दल आभार. पण "एकदा राष्ट्रीय उद्यान जाहीर झालं की पाणथळ सुरक्षित" हे वाक्य तुम्ही चौकटीत ठळक अक्षरात छापलंत, ते वाचल्यापासून डोकं तापलंय म्हणून हे पत्र. अख्ख्या लेखात कुंपण आहे, चौक्या आहेत, वनरक्षक आहेत, मनोरे आहेत. पाणी कुठून येतं, कोण सोडतं, कुठल्या महिन्यात सोडतं याबद्दल एक ओळ नाही. पाणथळीवर लिहायला बसलेल्या माणसाला पाणी आठवू नये याचा राग येतो हो.

मी केवलादेवला, म्हणजे भरतपूरला, कोरड्या वर्षी गेलेलो आहे. कुंपण जागच्या जागी होतं, गार्ड होते, आत कुणी काडी तोडत नव्हतं. आणि तळ्यांच्या जागी भेगा पडलेली माती. लांबून काळं काहीतरी सरकताना दिसलं म्हणून थांबलो तर कासव होतं, रस्ता ओलांडून पलीकडच्या तळ्याकडे निघालेलं, आणि पलीकडचं तळंही सुकलेलंच. ते त्या कासवाला कोण सांगणार. आमचे सायकल रिक्षावाले काका, तिथे हेच लोक गाईडचं काम करतात आणि पक्षी आपल्यापेक्षा आधी ओळखतात, ते म्हणाले इथे बघून काही कळायचं नाही साहेब, आमचं पाणी करौलीत ठरतं. मग त्यांनी रिक्षा सावलीत लावून मला सगळं समजावलं, करौलीतलं पांचना धरण कुठे, गंभीर नदी कुठून येते, अजान बांधात पाणी कधी यायचं आणि तिथून पाट कसे आत सोडतात. त्या दिवशी त्या माणसानं अर्ध्या तासात जे सांगितलं ते तुमच्या पानभर लेखात नाही.

केवलादेव हे काही आपोआप झालेलं तळं नव्हे. अठराव्या शतकात भरतपूरच्या राजानं अजान बांध घातला, त्याचं पाणी या खोलगट जमिनीत यायला लागलं आणि त्यावर हे सगळं उभं राहिलं. जेमतेम २९ चौरस किलोमीटर जागा. गंभीर नदीवर वर करौलीत पांचना धरण झालं, तिथल्या शेतकऱ्यांनाही पाणी हवंच होतं, ते काही चोर नाहीत, पण त्या वाटणीत उद्यानाच्या बाजूनं बोलायला कुणी बसलेलं नव्हतं. चित्रबलाक करकोचे पाऊस संपता संपता घरटी बांधतात, कारण तेव्हा पाण्यात मासे असतात आणि पिल्लांना ते लागतात. पाणी उशिरा आलं की घरटीच होत नाहीत, मग डिसेंबरात कितीही टँकर भरा. नंतर गोवर्धन ड्रेनचं आणि चंबळचं पाणी आणलं, चांगलंच केलं, पण नदीच्या पुराबरोबर माशांची पिल्लं यायची तशी ती पाइपातून येत नाहीत. नळ शेजाऱ्याच्या घरात आणि कुलूप मात्र आपल्या दाराला, अशी ही सुरक्षा आहे.

आणि नुसतं आतलं सांभाळायचं म्हटलं तरी ते किती अंगाशी येतं हेही याच उद्यानात दिसलंय. १९८२ मध्ये म्हशींची चराई एकदम बंद केली, गावकऱ्यांशी संघर्ष झाला, पोलीस गोळीबारात माणसं गेली. पुढे बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासातून कळलं की म्हशी बंद झाल्यावर पाण्यातलं पास्पॅलम गवत माजलं, उघडं पाणी कमी झालं आणि बदकांना, हंसांना जागा उरेना. माणसांचे जीव देऊन बंदी आणली आणि पक्ष्यांचंही भलं झालं नाही. लेखात मात्र "मानवी हस्तक्षेप पूर्ण थांबवणे" हाच उपाय. लेखकानं त्या गावांत जाऊन एकदा असं म्हणून बघावं.

मणिपूरचं कैबुल लामजाओ तर याहून मोठं उदाहरण. १९७७ पासून राष्ट्रीय उद्यान आहे, संगाई हरणाचं जगातलं एकमेव नैसर्गिक घर, लोकताक सरोवरातल्या फुमदींवर, म्हणजे गवत-मुळांच्या जाड तरंगत्या थरांवर. या फुमदी पूर्वी उन्हाळ्यात पाणी उतरलं की तळाला टेकायच्या, मुळं मातीतून अन्न घ्यायची आणि पावसाळ्यात पुन्हा वर यायच्या. १९८३ ला पाणी अडवणारा इथाईचा बंधारा (बॅरेज) झाला, विजेसाठी पाण्याची पातळी वर्षभर वर ठेवायला लागले, फुमदी टेकेनात, पातळ होत गेल्या आणि हरणाचे पाय खाली जायला लागले. उद्यानाच्या हद्दीत कुणी एक कुदळ मारली नव्हती तरी! म्हणजे पाणी कमी पडलं तरी मरण आणि सतत भरलेलं ठेवलं तरी मरण. पाणथळीला पाण्याचा चढ लागतो तसा उतारही लागतो, इतकी साधी गोष्ट आहे. काझीरंगात तेच, पुरानं बीलं, म्हणजे तिथली तळी, नव्यानं भरतात, जलपर्णी वाहून जाते, त्या पुरावरच ते जंगल जगतं. जनावरं पुरात कार्बी आंगलाँगच्या डोंगरांकडे जातात आणि मधल्या हायवेवर गाडीखाली सापडतात, त्या हायवेबद्दल लिहा की, दरवर्षी "पुराचा कहर" काय लिहिता.

कायदा नाही म्हणावं तर तसंही नाही. वन्यजीव संरक्षण कायद्याचं कलम ३५(६) काढून बघा. राष्ट्रीय उद्यानात येणाऱ्या किंवा बाहेर जाणाऱ्या पाण्याचा प्रवाह मुख्य वन्यजीव रक्षकाच्या परवान्याशिवाय वळवायचा नाही, अडवायचा नाही, वाढवायचाही नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलंय, २००२ च्या दुरुस्तीनंतर. दुसरीकडे २०१७ चे पाणथळ नियम उद्यानांतल्या पाणथळींना लागूच होत नाहीत, कारण त्या वन्यजीव कायद्याखाली येतात म्हणून. म्हणजे सगळा भार या एका कलमावर, आणि ते चालवायचं वनखात्यानं, ज्यांचा हद्दीबाहेरच्या धरणाच्या दरवाज्यावर काहीच ताबा नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की उद्यानाचं पाणी, किती आणि कुठल्या महिन्यात, हे धरणाच्या वाटपात शेती, पिण्याचं पाणी यांच्या शेजारी लिहिलेलं असलं पाहिजे. उरलं तर देऊ, याला वाटा म्हणत नाहीत. पावसाळ्यात तुम्ही धरणसाठ्याचा तक्ता रोज छापता, त्यात एक रकाना उद्यानाला सोडलेल्या पाण्याचा टाका, मग लेखाची गरज पडणार नाही.

जाता जाता तुमच्या त्या फोटोबद्दल. लेखाबरोबर सारसाच्या घरट्याचा फोटो छापलाय, अंडं आणि नुकतं बाहेर आलेलं पिल्लू, इतक्या जवळून की फोटोग्राफर पाण्यात घरट्याला खेटूनच उभा असणार असं वाटतं. आईबाप बाजूला हटले की उघड्या अंड्यावर कावळ्याचा डोळा असतो, पिल्लाला ऊन लागतं ते वेगळंच. बरेच चांगले फोटोग्राफर घरट्यावरचे फोटो काढत नाहीत, काढले तरी छापायला देत नाहीत, आणि तुम्ही तो पाच कॉलम लावलात. खाली "सौजन्य" म्हणून नावही दिलंत, म्हणजे पुढच्या विणीच्या हंगामात अजून दहा जण कॅमेरे घेऊन घरटी शोधत त्याच पाण्यात उतरतील. पक्षी उडताना, चरताना, पाण्यात उभा असताना हजारो सुंदर फोटो मिळतात, ते छापा. घरट्याचे फोटो यापुढे छापणार नाही, असं तुमच्या अंकात दोन ओळीत जाहीर केलंत तर मी स्वतः आभाराचं पत्र पाठवीन.

आपला,
एक नियमित वाचक